पळणाऱ्याची मर्जी

शिकारी कुत्रं बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. याला खायला काय घालता, आणि हे पळतं किती. आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, हे प्रश्न बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवातसुद्धा यायचे. खाण्याचं ते बैजवार सांगत. पळण्याचं विचारलं की म्हणत, "पळतंय ते त्येच्या जिवानं. थांबवायचं मातर मला लागतंय." ऐकणारा हसून पुढं जायचा. मी मात्र या बोलण्याभोवती बरीच वर्षं घुटमळलो आहे.

आमचा मुलूख माणदेशाचा. उघडे माळ, टेकाडं, बोरी-बाभळी, कुसळी गवत, आणि पाऊस नावाला. असल्या मोकळ्या रानात नजरेनं सावज धरून सुसाट सुटणारं कुत्रं लागतं. ते म्हणजे कारवान. लांबट तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, हरणासारखे पाय. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर वायव्येकडून ही जात इकडं आली असं सांगतात, नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. पलीकडं कर्नाटकात मुधोळच्या घोरपड्यांनी या कुत्र्यांना राजाश्रय दिला. तिथलं कुत्रं मुधोळ हाउंड म्हणून नावाजलं आणि 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर जाऊन बसलं. आमच्याकडचं धनगरवाड्यावर, बैलगाडीखाली, गोठ्याच्या दारात वाढलं. त्याला तिकिटाचं काही सोयरसुतक नव्हतं.

सशाच्या शिकारीचा हंगाम दिवाळीनंतर लागायचा आणि शिमग्याला संपायचा. बाजरी निघालेली, माळ पिवळा पडलेला, पहाटे गारठा. पण आण्णांची तयारी दसऱ्यापासून. पावसाळाभर कुत्री गोठ्यात पडून जडावलेली असत. त्यांना एकदम पळवायचं नाही. पहिले पंधरा दिवस नुसती चाल. सकाळी गाडी मळ्याकडं निघाली की तिच्या मागं दोरीनं दोन्ही कुत्री, हरणी आणि बाळ्या, तीन-चार मैल दुडक्या चालीनं. मग माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळूवर पळवणं. वाळूत पाय रुततो, मांडीचं मांस बांधलं जातं, आणि पंजे सोलवटत नाहीत. तिथंही आज थोडं, उद्या जरा जास्त, परवा विसावा. तो विसाव्याचा दिवस ते कधी चुकवत नसत. आमचे तात्या, म्हणजे धाकटे चुलते, याला आण्णांचा एकादशीचा नेम म्हणायचे.

खाणं एकच वेळ, दिवस मावळताना. मक्याच्या पिठाचा शिजवून केलेला घाटा आणि त्यात दूध, नाहीतर ज्वारीची भाकर ताकात कुस्करून. घरात मटण झालं तर हाडं उकळलेलं पाणी. कांद्या-लसणाचं कालवण कुत्र्याला कधीच नाही. कांदा कुत्र्याचं रक्त नासवतो हे पुढं मला जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं; आण्णांना ते बापाकडून आलं होतं. शिकारीच्या दिवशी सकाळी पोट रिकामं ठेवायचं. याचा आमच्या भागात भलताच अर्थ काढणारे पुष्कळ होते. उपाशी कुत्रं ईर्षेनं पळतं असं समजून ते दोन-दोन दिवस कुत्र्याला अन्न देत नसत. आण्णांचं कारण निराळं. खोल छातीचं कुत्रं भरल्या पोटी पळालं तर पोटाला पीळ पडून तडफडून मरतं. म्हणून सकाळी काही नाही. पण आदल्या रात्री पोटभर, वर गूळ-तुपाचा गोळा. रिकामं पोट आणि उपाशी कुत्रं या दोन गोष्टी एकच समजणारा माणूस दिसला की आण्णा त्याला आपलं कुत्रं हातात धरूसुद्धा देत नसत.

अंग बघायचं ते हातानं. बरगड्यांवरून तळवा फिरवायचा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसाव्यात, बाकीच्या हाताला लागाव्यात. पाठीचा कणा टोचू लागला तर कुत्रं खालावलंय. बरगडी सापडेनाच तर मालक आळशी आहे. शिकारीवरून आल्यावर पंज्यांची बोटं फाकवून सराटे काढायचे, कानात कुसळ शिरलंय का बघायचं, मिठाच्या कोमट पाण्यानं पाय धुऊन हळद-तेल लावायचं. गोचीड काढायचं काम आम्हा पोरांकडं. रात्री अंगाखाली गोणपाट, कारण कारवानाला केस तोकडे आणि अंगावर चरबी नाही. माघातली थंडी त्याला माणसापेक्षा जास्त लागते.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, आण्णांचा कुत्र्यांवर फार जीव. होताच. पण त्या जिवात हिशेबही होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. गाडीखालच्या साध्या राखणीच्या कुत्र्याच्या पंज्यात सराटा गेला तर तो त्याचा त्यानंच चावून काढायचा. घाटा हरणीला आणि बाळ्याला, त्याला उष्टं. जे कुत्रं पळतं त्याचा पाय बघितला जातो. आपण ज्याला माया म्हणतो तिच्यात उपयोगाचा भाग किती, हा प्रश्न मला तेव्हापासूनचा आहे. बैलाच्या बाबतीतही तोच. पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालणारा हात आणि म्हातारा बैल बाजारात नेणारा हात एकाच माणसाचा असतो. तरी मला असं वाटत नाही की हिशेबामुळं माया खोटी ठरते. सराटा काढताना आण्णा जे पुटपुटायचे, कुत्र्याच्या कानाशी तोंड नेऊन, ते कुठल्याच हिशेबात बसणारं नव्हतं.

आजीचा प्रश्न याहून सरळ होता. आजी माळकरी. घाटा तीच शिजवायची, चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला रोडग्याचा घास कुत्र्यांना तीच घालायची. पण मारलेला ससा तिच्या चुलीच्या आसपास आलेला खपायचा नाही. तो परसात तीन दगडांवर शिजायचा, निराळ्या भांड्यात. एकदा हळद लावत बसलेल्या आण्णांना ती म्हणाली, "कुत्र्याच्या पायात काटा गेला तर तुमचा जीव वरखाली. सशाला न्हाय व्हय जीव?"

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाय की. पर ससा माज्या दावणीला न्हाय."

हे उत्तर मी अनेकदा उलटंपालटं करून पाहिलं आहे. त्यात खरं काहीतरी आहे. ज्या जिवाला आपण दावणीला आणतो, त्याचं स्वतःचं रान आपण काढून घेतलेलं असतं. भूक लागली तर त्यानं कुठं जावं, थकला तर कुठं पडावं, हे त्याच्या हातात राहत नाही. म्हणून त्याचं देणं आपल्यावर चढतं, आणि ते रानातल्या जिवाच्या देण्यापेक्षा निराळं असतं. पण दावणीला नाही म्हणून सशाचं देणं शून्य, हे काही पटत नाही. ससा हुलकावण्या देत पळतो, कान पाठीला चिकटवून. धरला की क्वचित ओरडतो, आणि तो आवाज तान्ह्या पोरासारखा असतो. तो आवाज ऐकलेल्या माणसानं दावणीचा युक्तिवाद करावा, पण जरा हळू आवाजात. आण्णा हळूच बोलले होते, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगीन. आजीला मात्र नामदेवांची गोष्ट पाठ. कोरडी भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागं नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. ती म्हणायची, त्यो संत कुत्र्यामागं पळाला आन् तुमी कुत्र्याला सशामागं पळवता.

आता त्या पाहुण्याच्या कुत्र्याचं. शिवरात्र होऊन गेली होती, ऊन चढायला लागलं होतं. तालुक्याहून एक बडे गृहस्थ जीप घेऊन आले. बरोबर त्यांचं कुत्रं, पांढरंशुभ्र, आमच्या दोन्हींपेक्षा देखणं आणि आमच्यापेक्षा चांगलं खाल्लेलं. दोन ससे उठवून झाले, नऊ वाजले. आण्णांनी आपली कुत्री बाभळीखाली घेतली, पोटाला आणि पंज्यांना पाणी लावलं, धाप बसू दिली, मग घोट-घोट पाजलं. पाहुण्यांना तिसरा ससा पाहिजे होता. आण्णा म्हणाले, "आता बास. जीभ बगा त्येची." कुत्र्याची जीभ पळीसारखी रुंद झाली होती आणि टोक वर वळलं होतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. आतली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडं मुख्यतः धाप आणि जीभ. पाहुणे म्हणाले, "अहो, ते बघा कसं ओढ घेतंय. त्यालाच जायचंय."

आणि खरंच त्याला जायचं होतं. कासरा ताणून ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं होतं. समोर ससा उठला, त्यांनी सोडलं. ते पळालं, झकास पळालं. परत आलं ते झोकांड्या खात. संध्याकाळपर्यंत जीपच्या सावलीत गेलं. कुत्र्याच्या अंगाची उष्णता एरवीच 38-39 अंश सेल्सिअस असते, 41 च्या वर चढली की आतडी, मेंदू, सगळंच धोक्यात येतं, हे मला पुष्कळ पुढं कळलं. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. म्हणाले, "काय जिगर! मरेपर्यंत पळालं."

आण्णा म्हणाले, "जिगर त्येची. आन् अक्कल कुणाची?"

पाहुण्यांचं वाक्य मी विसरलो नाही. त्यालाच जायचंय. शिकारी कुत्र्याच्या बाबतीत हे वाक्य नेहमीच खरं असतं, म्हणून ते कामाचं नाही. शेकडो वर्षं माणसानं निवडून-निवडून तीच कुत्री वाढवली, जी ससा दिसल्यावर स्वतःला विसरतात. जे कुत्रं मध्येच थांबून विचार करायचं, त्याची पिल्लं कुणी मागितली नाहीत. म्हणजे थांबायची अक्कल त्याच्या रक्तातून आपणच काढली, आणि आता ते थांबत नाही याला आपण त्याची खुशी म्हणतो. ही अक्कल कुठंतरी असायलाच हवी. त्याच्याकडं नसेल तर ती कासरा धरणाऱ्या हातात असली पाहिजे. बैलगाडा शर्यतींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, 2014 साली बंदी आली, 2021 च्या अखेरीस अटींवर परवानगी मिळाली, 2023 साली घटनापीठानं ती उचलून धरली. या सगळ्या वर्षांत पारावरच्या गप्पांत मी एकच मुद्दा सर्वांत जास्त वेळा ऐकला: बैलाला पळायला आवडतं. आवडत असेल. गाडामालकांची मेहनतही मला ठाऊक आहे, बैलाला पोरापेक्षा जास्त जपणारे आहेत त्यांत. पण आवडण्यावर येऊन प्रश्न संपत नाही, तिथं तो सुरू होतो.

इथपर्यंत सोपं आहे. पाहुणे चुकले, आण्णा बरोबर. पण 1972 साली हे गणित फिसकटलं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. विहिरींचे तळ दिसले, जनावरं छावणीला नाहीतर खाटकाला गेली. घरात लाल मिलोची भाकर, तीही मोजून. दुष्काळी कामावर तात्या खडी फोडायला जायचे, काकीही. पोरांना सुकडी मिळायची. हरणीच्या वाट्याला मिलोच्या भाकरीचा चतकोर, दूध तर माणसांनाही नाही. बाळ्या त्याच्या आधीच्या वर्षी गेला होता. हरणीच्या बरगड्या आता सगळ्या दिसत होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हंगामासाठी तयार केलेलं कुत्रं आहे. तयारीचं बारीक अंग आणि भुकेचं बारीक अंग लांबून सारखंच दिसतं. हात फिरवल्यावर कळतं. मांडीवर मांस नव्हतं, चामडी ओढली तर जागेवर यायला वेळ घ्यायची.

तात्यांनी एके रात्री विषय काढला. सकाळी हरणीला घेऊन माळावर जातो. ससा मिळाला तर पोरांच्या तोंडात दोन घास पडतील, कुत्रीलाही आतडी मिळतील.

आण्णा म्हणाले, "उपाशी कुत्रं पळवायचं न्हाय."

"आरं पर ती एका पायावर तयार हाय की."

"ती मरायलाबी तयार हाय. तिला काय कळतंय?"

तात्यांनी आपले तळवे कंदिलाच्या उजेडात धरले. खडी फोडून सालटी निघालेली. म्हणाले, "आण्णा, आमी बी उपाशी पोटानंच जातोय की घण उचलाय. आमाला कोण थांबवतंय?"

आण्णांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं आजही नाही. जे कुत्र्याच्या बाबतीत आण्णांना ढळढळीत दिसत होतं, की गरजेनं पुढं केलेलं पाऊल म्हणजे मर्जी नव्हे, ते पोटच्या लेकाच्या बाबतीत त्यांना बोलता येईना. लेकाला थांबवायचं तर त्याच्या पुढ्यात भाकर ठेवायला लागली असती. थांबवायचा हक्क पोसणाऱ्याला असतो, आणि त्या साली आण्णा कुणालाच पुरतं पोसू शकत नव्हते, लेकालाही नाही आणि कुत्रीलाही नाही. मग कासरा त्यांनी कुठल्या हक्कानं धरून ठेवायचा? आणि घरात चार पोरं मिलो खाऊन पोट धरून बसलेली असताना कुत्रीचा जीव जपणं ही दया म्हणायची की चैन?

तात्या गेले. पहाटे, कुणाला न सांगता. पण हरणीच्या गळ्यातली साखळी वाजली, तेव्हा आण्णा अंथरुणात जागे होते हे मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या शेजारीच झोपायचो. त्यांनी कूस बदलली. ससा मिळाला. त्याच्याही अंगावर काही नव्हतं, रान त्यालाही पोसत नव्हतं. रश्शात पाणीच जास्त, तरी आम्ही पोरांनी भांडी चाटली. त्या महिन्यात असे तीन ससे आले. तिसऱ्या वेळी हरणी परत आली आणि मागचे पाय ताठ करून आडवी झाली. लघवी चहाच्या रंगाची. मांस जळून रक्तात उतरलं की असं होतं, हेही पुढं कळलेलं. आण्णांनी दोन दिवस तिच्या तोंडात गुळाचं पाणी फडक्यानं पिळलं. स्वतःच्या चहातला गूळ होता तो. ती जगली. तात्या रोज कामावरून आल्यावर तिच्याजवळ बसायचे, काही बोलायचे नाहीत. हरणी पुढं चार वर्षं होती, पण पुन्हा पळाली नाही. गाडीखाली साध्या कुत्र्याशेजारी पडून असायची. आणि आण्णांचा घाटा तिला शेवटपर्यंत मिळाला, राखणीच्या कुत्र्यालाही त्यातला वाटा मिळू लागला. याचं कारण त्यांनी सांगितलं नाही.

बाप-लेकांत यावरून भांडण झालं नाही. आजीनंही सशाचा विषय त्या साली काढला नाही. तीन दगडांवरचं भांडं तिनं स्वतः उतरवलं, माळ पदराखाली घेऊन.

योगायोग असा की त्याच 1972 च्या सप्टेंबरात देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याची खबर आमच्या वाडीवर यायला बरीच वर्षं लागली. 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्यानं करायची शिकारही बंद झाली. आता ससा मारणं हा गुन्हा आहे आणि तो असावा, असं माझं मत आहे. आजीचा प्रश्न अखेर कायद्यात आला म्हणायचं. तरी चोरून शिकार चालतेच, आणि तिथं कुत्र्याचे हाल जास्त होतात, कारण चोरीच्या कामात विसाव्याचा दिवस नसतो आणि सकाळची वेळही पाळता येत नाही.

कारवान मात्र टिकलं. जत्रांतून कुत्र्यांच्या शर्यती लागतात, शहरांतले हौशी लोक पिल्लं नेतात. माझ्या पुतण्यानं पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एक ठेवलंय. पहिल्या वर्षी त्याचं पोट सुटलं. बिस्किटं, पनीर, दिवसभर सोफा. मी गेलो तेव्हा बरगडी सापडेना. पळण्यासाठी घडलेलं अंग सोफ्यावर झिजवणं हाही एक छळच, पण त्याला कुणी छळ म्हणत नाही, कारण त्यात कुत्रं आपल्या मांडीवर डोकं ठेवतं.

त्याला सगळं सांगितलं. एक वेळ खाणं, पंधरा दिवस नुसती चाल, मग मैदानात मोकळं सोडणं, मध्ये विसावा. तो मनावर घेणारा पोरगा. तीन महिन्यांनी कुत्रं ओळखू येईना, शेवटच्या दोन बरगड्या दिसायला लागल्या. आता त्याची निराळीच तक्रार. रविवारी उशिरा उठतो, अकरा वाजता त्याला सायकलमागं पळवतो, आणि घरी आल्यावर ते दिवसभर मलूल पडतं.

"नऊच्या आत," मी म्हटलं.

"पण काका, थांबवलं की ते ओढ घेतं हो. त्याला अजून पळायचं असतं."

"असणारच. तू त्याची जीभ बघ. आणि एकदा चप्पल काढून त्या डांबरावर स्वतः उभा राहा."